मुलांना घरी इंग्रजी शिकवताय? व्याकरणाचं पुस्तक थोडे दिवस मिटून ठेवा

बहुतेक घरांत इंग्रजीची सुरुवात होते ती नाउनच्या व्याख्येपासून. मूल घडाघडा म्हणून दाखवतं की नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग, आपल्याला बरं वाटतं, आणि त्याच मुलाला कोणी सहज विचारलं की व्हॉट आर यू डूइंग, तर ते एकतर आपल्या मागे लपतं नाहीतर येस म्हणून मोकळं होतं. यात मुलाचं काही चुकलेलं नाही, त्याला भाषेबद्दलची माहिती दिली गेली, भाषा दिलीच नाही. "मी आंघोळ केलो" नाही तर "मी आंघोळ केली" म्हणायचं हे आपल्याला कुठल्या नियमाने कळलं होतं? तो नियम आजही विचारला तर अर्ध्या लोकांना सांगता येणार नाही, पण चूक मात्र कानाला लगेच खटकते.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं की घरी क्रम असा ठेवा, आधी कानावर पडू दे, मग तोंडात येऊ दे, मग वाचन, मग लिखाण, आणि नियमाचं नाव सगळ्यात शेवटी, तेसुद्धा मूल ती गोष्ट वापरायला लागल्यावर. शाळेत व्याकरण शिकवतातच हो, घरी दुसरी शाळा भरवायची गरज नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की पण माझंच इंग्रजी कच्चं आहे, मी काय शिकवणार. लहान मुलांच्या बाबतीत याने फारसं अडत नाही. तुम्हाला फाडफाड बोलायचं नाहीये, आठवड्याला दहा-पंधरा बरोबर वाक्यं लागतात, ती आदल्या दिवशी बघून ठेवता येतात, आणि उच्चाराची शंका असेल तर ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण असतं, ते मुलासमोरच दाबा. आईबाबासुद्धा शोधून बघतात हे मुलाला दिसलं तर चांगलंच आहे. वेळेचं म्हणाल तर रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास बसवून घेणं म्हणजे मूल रविवारलाच वैतागणार.

शब्द कुठले आधी?

रंग, प्राणी, फळं, शरीराचे भाग. सगळे इथूनच सुरू करतात आणि इथेच अडकतात. मुलाला जिराफ, पेंग्विन, ऑक्टोपस सगळं येतं पण "मला ते दे" म्हणता येत नाही, कारण नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1936 साली मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या 220 शब्दांची यादी केली, ती आजही शाळांमध्ये वापरतात, आणि गंमत म्हणजे त्या 220 मध्ये एकही नाम नाही, नामांची 95 शब्दांची यादी त्याने वेगळी काढली. मुख्य यादीत काय आहे तर द, टु, अँड, ही, गिव्ह, अंडर, अबाउट, बिकॉज असले शब्द. दिसायला बिनमहत्त्वाचे, पण वाक्य उभं राहतं ते यांच्यावर.

तसंच दुसरं उदाहरण इंग्रज भाषा-अभ्यासक सी. के. ऑग्डन यांचं. त्यांनी 1930 मध्ये 850 शब्दांचं एक छोटं इंग्रजी तयार केलं, आणि त्यात क्रियापदं किती तर फक्त 18. कम, गो, गिव्ह, गेट, पुट, टेक, मेक, कीप, लेट, से, सी, सेंड, डू, हॅव, बी वगैरे. आता एवढ्यावर भागतं कसं, तर पुढे अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ लावून. पुट ऑन म्हणजे घाल, टेक ऑफ म्हणजे काढ, पुट अवे म्हणजे जागेवर ठेव, गेट अप म्हणजे ऊठ. घरात दिवसभर आपण मुलांना जे ओरडत असतो त्यातलं जवळजवळ सगळं या जोड्यांत मावतं! म्हणून मी म्हणते की सुरुवात क्रियापदांपासून करा, नामं आपोआप चिकटत जातात.

आधी ऐकून करू दे, बोलायला लावू नका

जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात एक पद्धत मांडली की भाषा आधी हालचालीतून शिकवायची, शिकवणारा सांगणार आणि शिकणारा फक्त करणार. घरी हे फार सोपं आहे. स्टँड अप, टर्न अराउंड, टच द डोअर, ब्रिंग मी द ब्लू शर्ट, पुट युअर शूज अंडर द बेंच. पहिले काही दिवस तुम्ही स्वतः करून दाखवा, मग नुसतं बोला. मुलाने तोंडातून एक शब्द नाही काढला तरी चालेल, कित्येक मुलं सुरुवातीला बराच काळ गप्पच राहतात आणि ते गप्प राहणं म्हणजे न येणं नव्हे. शर्ट निळाच आणला ना, मग कळलंय त्याला.

एकच पथ्य पाळा, वाक्य इंग्रजीत बोलून लगेच मराठीत सांगू नका. "ब्रिंग द टॉवेल, टॉवेल आण" असं जोडीने म्हणायची सवय लागली की मूल इंग्रजी ऐकायचंच बंद करतं, त्याला माहीत असतं की पुढे मराठी येणारच आहे. त्याऐवजी बोट दाखवा, हावभाव करा, अगदीच अडलं तर मराठीत एकदा सांगा आणि पुढे जा.

मग काही आठवड्यांनी भूमिका बदला, आता हुकूम मूल सोडणार आणि तुम्ही पाळणार. यात खरी मजा आहे आणि व्याकरणही इथेच शिकवून होतं, कारण तुम्ही ते जे बोलेल तंतोतंत तेच करायचं. आमच्याकडे टेबलावर कप आणि चमचा ठेवून हा खेळ चालायचा. मुलगी म्हणाली, "पुट द स्पून ऑन द कप." तिला चमचा कपात हवा होता. मी चमचा कपाच्या तोंडावर आडवा ठेवला. "नो! आत!" मी ढिम्म. मग तिने विचार केला, "इन... इन द कप." चमचा आत गेला. त्यानंतर तिने मुद्दाम अंडर, बिहाइंड, बिटवीन सगळं करायला लावलं, शेवटी चमचा माझ्या डोक्यावर. हेच प्रिपोझिशन, म्हणजे इन, ऑन, अंडर असले शब्द, वहीत रिकाम्या जागा भरून शिकवायला गेलं असतं तर जांभया ऐकू आल्या असत्या.

शब्दाची वही अशी ठेवा

डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी वही आपण सगळ्यांनी केलीय आणि ती पालथ्या घड्यावर पाणी ठरलीय. शब्द एकटा लिहू नका, त्याच्या सोबत्यासकट लिहा. कारण मराठीत आपण सगळंच "करतो", पण इंग्रजीत डू होमवर्क असतं आणि मेक अ मिस्टेक असतं, टेक अ फोटो असतं. नुसतं "मेक म्हणजे करणे" लिहिलं की मूल मेक होमवर्क म्हणणार, त्याने तर तुमचाच अर्थ वापरला. तेव्हा वहीत लिहायचं ते "मेक अ नॉइज", "हेवी रेन", "कॅच अ कोल्ड", "अफ्रेड ऑफ डॉग्ज", "गुड ॲट ड्रॉइंग" असं. खाली मुलाने स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य करायचं, खोटं किंवा पुस्तकी नको. "माय ब्रदर मेक्स अ नॉइज व्हेन ही ईट्स." हे विसरणार नाही ते.

दिवसाला किती? चार-पाच भरपूर झाले. आणि विसरणार हे धरूनच चाला. हरमन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं आणि मग वेग कमी होतो, आणि एकदम बसून घोकण्यापेक्षा थोडे थोडे दिवस सोडून उजळणी केलेली जास्त टिकते. यावरूनच पुढे 1970च्या दशकात जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइट्नर यांनी खोक्यांची पद्धत आणली. घरी करायला तीन रिकामे डबे पुरतात. नवीन कार्डं पहिल्या डब्यात, तो रोज बघायचा. बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की कुठल्याही डब्यातून परत पहिल्यात. मुलांना हे कार्ड वर चढवणं गेमसारखं वाटतं, आपल्याला आग्रह करावा लागत नाही.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहू नका, गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा, शक्यतो चित्रासकट. "आय ॲम अफ्रेड ___ द डार्क." मागे उत्तर. म्हणजे एकाच कार्डात शब्दही आला, व्याकरणही आलं.

व्याकरण: मराठी बोलणारं मूल नेमकं कुठे अडखळतं

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण बाजारातली बहुतेक व्याकरणाची पुस्तकं सगळ्या जगातल्या मुलांसाठी एकच लिहिलेली असतात आणि आपल्या मुलांच्या चुका आपल्या मराठीतून येतात. चूक कुठून आली हे आपल्याला कळलं की अर्धं काम झालं.

एक, "आलोच!" तुम्ही हाक मारता आणि मूल आतून इंग्रजीत ओरडतं, "आय केम!" आणि येत तर नसतंच. मराठीत आपण आत्ता निघणार असलो तरी आलोच म्हणतो, इंग्रजीत तिथे आय ॲम कमिंग. तसंच "मला भूक लागली", "मी दमलो", "मला कळलं". मराठीत रूप भूतकाळाचं पण सांगतोय आत्ताची गोष्ट. इंग्रजीत आय ॲम हंग्री, आय ॲम टायर्ड, आय अंडरस्टँड. इथे काळ समजावत बसू नका, ही वाक्यं अख्खीच्या अख्खी तोंडी बसवा.

दोन, "माझ्याकडे". मराठीत हॅव सारखं क्रियापद नाही. माझ्याकडे पेन आहे, मला ताप आहे, मला दोन भाऊ आहेत, या सगळ्यात "आहे" येतं आणि मग मूल म्हणतं "माय टू ब्रदर्स आर" किंवा "टु मी इज फीव्हर". उपाय सोपा, घरभर हिंडून आय हॅव, यू हॅव, शी हॅज चा खेळ. हातात वस्तू लपवायची, "डू यू हॅव द बटन?" "नो, आय डोन्ट." बस, रोज पाच मिनिटं.

तीन, ॲम-इज-आर चं जास्तीचं प्रेम. "आय ॲम गो टु स्कूल एव्हरी डे." हे कुठून आलं तर शाळेत पहिलं काय शिकवतात, आय ॲम. मग मुलाला वाटतं आय च्या मागे ॲम चिकटलेलंच असतं. त्याला दोन गठ्ठ्यांत दाखवा, आत्ता चाललंय ते (आय ॲम रीडिंग) आणि रोजचं किंवा नेहमीचं ते (आय रीड). तुम्ही पुस्तक हातात घेतलंय, "व्हॉट ॲम आय डूइंग?" पुस्तक खाली ठेवलं, "व्हॉट डू आय डू एव्हरी नाइट?" शरीराने फरक दाखवला की कळतो, फळ्यावर नाही कळत.

चार, तो कुप्रसिद्ध एस. ही प्लेज, शी ईट्स मधला. यावरून मुलांना बोलणी बसतात ते बघून वाईट वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी घरातल्याच तीन लहान मुलांचं बोलणं काही वर्षं टिपून 1973 मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की आयएनजी (रीडिंग, ईटिंग मधलं) सगळ्यात आधी येतं आणि हा क्रियापदाचा एस बराच उशिरा. म्हणजे ज्यांच्या घरातच इंग्रजी आहे त्यांनाही उशीर लागतो, मग आपल्या मुलांना सहा महिन्यांत पक्कं यायला हवं हा हट्ट कशाला.

पण प्रश्न आणि नकार करताना हा एस कुठे जातो ते मात्र नीट दाखवा, कारण तिथे मोठ्या मुलांचाही गोंधळ असतो, डझ ही प्लेज, ही डझन्ट प्लेज. यासाठी चिठ्ठ्या करा. ही, प्ले, डू अशा तीन मोठ्या चिठ्ठ्या आणि एस अक्षराची एकच छोटी चिठ्ठी. एकच हं, दोन करायच्या नाहीत. सांगताना ही आणि प्ले, एस प्ले ला चिकटला. आता प्रश्न करायचा, डू पुढे आला आणि येतानाच त्याने एस ओढून घेतला, डू चा डझ झाला. प्ले कडे काही उरलंच नाही. मुलाला स्वतःच्या हाताने तो एस उचलून तिकडे नेऊ दे. मग डिड चं पण तसंच, प्लेड मधला ईडी डिड ने खाल्ला म्हणून डिड ही प्ले. मी हे कितीतरी मुलांबरोबर केलंय आणि "एकच एस आहे" हे वाक्य पुढे नियमापेक्षा जास्त आठवतं.

पाच, अ आणि द. मराठीत आर्टिकल नाहीत असं सांगून सोडून देतात, पण गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? "एक राजा होता. तो राजा फार चिडका होता." देअर वॉज अ किंग. द किंग वॉज व्हेरी अँग्री. पहिल्यांदा आला तेव्हा एक, ओळख झाल्यावर तो. सगळी प्रकरणं यात बसत नाहीत, पण मुलाला पहिली पकड यातून मिळते. आणि ॲन कधी, तर अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. ॲन अवर म्हणतो कारण एच ऐकू येत नाही, अ युनिव्हर्सिटी म्हणतो कारण यू लिहिलं तरी ऐकू येतो य. "ए-ई-आय-ओ-यू च्या आधी ॲन" हा पाठांतराचा नियम या दोन शब्दांवर येऊन आपटतो.

सहा, "वर". भिंतीवर ऑन, डोक्यावरून ओव्हर, स्टेशनवर ॲट, आणि माझ्यावर रागावला मध्ये विथ. एका "वर" ला चार दरवाजे. म्हणून प्रिपोझिशनचा मराठी अर्थ पाठ करून घेऊ नका, जोडीच पाठ होऊ दे, अँग्री विथ, ॲट द स्टेशन. तसंच "मला विचार" मधल्या "ला" मुळे आस्क टु मी येतं, आस्क मी पुरे.

ही आणि शी चं म्हणाल तर खुर्चीला शी म्हणणारी मुलं असतात कारण आपल्याकडे ती खुर्ची. निर्जीव वस्तू सगळ्या इट, एवढंच सांगून पुढे व्हा, हे लवकर सुटतं.

भूतकाळ आणि ते त्रासदायक क्रियापदांचे तक्ते

मूल "गोड" म्हणालं, म्हणजे गो ला ईडी लावून, तर आनंद माना. ते पाठ करून बोललेलं नाही, कारण असं कोणी त्याच्यासमोर बोललेलंच नसतं, त्याने स्वतः नियम ओळखून लावला. अमेरिकन भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 मध्ये याचा फार मजेशीर प्रयोग केला, लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव वग, मग दोन दाखवले आणि विचारलं आता काय आहेत, मुलं म्हणाली वग्ज. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन! हा खेळ तुम्ही घरी करू शकता, विचित्र प्राणी काढा, त्याला नाव द्या, तो रोज काय करतो त्याचं क्रियापदही बनवा. धिस इज अ झिब. नाउ देअर आर टू? ही लाइक्स टु मोट. यस्टरडे ही? उत्तर आलं मोटेड, तर नियम आत बसलाय.

उच्चाराकडे जरा लक्ष द्या, ईडी लिहिलं म्हणून प्रत्येक वेळी एड म्हणायचं नसतं. वॉश्ट, प्लेड, आणि वॉन्टेड, तीन वेगळे आवाज. शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच ते जास्तीचं इड येतं. लाफ्ट, जम्प्ट हे तोंडात बसायला उड्या मारत म्हणवून घ्या.

अनियमित क्रियापदं एबीसीडीच्या क्रमाने पाठ करणं ही शुद्ध शिक्षा आहे. आवाजाने गट करा. न बदलणारी पुट, कट, हिट, शट एकत्र. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक एकत्र. बॉट, ब्रॉट, थॉट, कॉट, टॉट एकत्र. आणि रोज रात्री झोपताना "आज काय काय केलं" हे तीन वाक्यांत. आय वेंट, आय सॉ, आय एट. सगळ्यात जास्त लागणारी क्रियापदंच अनियमित आहेत, त्यामुळे रोजच्या गप्पांतच ती घासून गुळगुळीत होतात.

चूक सुधारायची कशी

बोलता बोलता तोडू नका. मूल उत्साहाने म्हणतं, "आय सीड अ बिग डॉग!" आणि आपण म्हणतो, "सीड नाही, सॉ म्हण." संपलं, कुत्रा राहिला बाजूला. त्याऐवजी तुम्ही म्हणा, "ओ, यू सॉ अ बिग डॉग? व्हेअर डिड यू सी इट?" बरोबर रूप कानावर गेलं, गप्पाही चालू राहिल्या. मुलाने लगेच दुरुस्त करून म्हणायला पाहिजे असं नाही. लिखाणात मात्र एका वेळी एकच प्रकारची चूक धरा. या आठवड्यात फक्त कॅपिटल लेटर आणि फुलस्टॉप, बाकीकडे काणाडोळा. पान लाल करून दिलं की मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं, तेही येत असलेल्याच शब्दांत, म्हणजे चूक नको.

पाहुण्यांसमोर "बोलून दाखव बरं इंग्लिशमध्ये" हे तर कृपा करून बंदच करा.

वाचन आणि स्पेलिंग

26 अक्षरं आणि साधारण 44 आवाज, म्हणजे एका अक्षरावर एकापेक्षा जास्त काम पडणारच, हे मुलाला आधीच सांगून टाका, कारण देवनागरीत जसं लिहितो तसं वाचतो, त्याला इंग्रजी अन्यायकारक वाटते. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगळा शिकवा, सी-ए-टी म्हणजे क, ॲ, ट. मग शेवटचा गप्प बसणारा ई, तो स्वतः बोलत नाही पण मागच्या स्वराला त्याचं नाव बोलायला लावतो, हॉप चा होप, किट चा काइट. जोड्या शोधायला लावा, मुलांना आवडतं.

इंग्रजी शब्दांवर पेन्सिलने देवनागरी उच्चार लिहून देणं टाळा. (मी इथे सगळं देवनागरीत लिहितेय ते तुमच्या वाचायच्या सोयीसाठी.) डोळे मराठीवरच जातात आणि इंग्रजी अक्षरं न वाचताच पान संपतं, शिवाय व्ही आणि डब्ल्यू दोन्हीला व च लिहिणार ना तुम्ही?

पुस्तक निवडताना एक पान वाचायला द्या, दर अनोळखी शब्दाला एक बोट दुमडायचं, पाचही बोटं दुमडली तर पुस्तक सध्या अवघड आहे, बाजूला ठेवा. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत असेल तर वाचून द्या, पुनरावृत्ती आपल्याला हवीच आहे आणि ती फुकटात मिळतेय. वाचताना दर शब्दाला थांबून अर्थ विचारायचा नाही, पानावर एखादाच शब्द घ्या. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर छोटा, तोच तोच, आणि खाली सबटायटल इंग्रजीच. मराठी किंवा हिंदी सबटायटल लावलं की कान बंद.

दहा-अकराच्या पुढची मुलं

आता नावं सांगायला हरकत नाही, उलट या वयात त्यांना नियम हवे असतात. पण बारा काळांचा तक्ता एकदम नको. दोन वाक्यं शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच ओळखू दे. आय लॉस्ट माय की यस्टरडे. आय हॅव लॉस्ट माय की. दुसऱ्यात किल्ली अजून मिळालेली नाही, दाराबाहेर उभा आहे बिचारा. हे त्यांनी सांगितलं की मग म्हणा, याला प्रेझेंट परफेक्ट म्हणतात.

या वयात मराठीतून येणाऱ्या चुका जरा चतुर असतात. "तो म्हणाला की मी येतो" हे आपल्याकडे अगदी बरोबर, तेच उचलून ही सेड दॅट आय ॲम कमिंग केलं की येणारा माणूसच बदलतो. ही सेड दॅट ही वॉज कमिंग. यासाठी निरोप्याचा खेळ ठेवा, बाबांनी एका खोलीत काहीतरी सांगायचं, मुलाने दुसऱ्या खोलीत आजीला किंवा तुम्हाला इंग्रजीत निरोप द्यायचा. दुसरी, वाक्याच्या शेवटी आपला लाडका "ना". यू आर कमिंग ना चं यू आर कमिंग, इजन्ट इट होतं, तिथे आरन्ट यू हवं. तिसरी, डिस्कस अबाउट, कारण आपण "विषयी" चर्चा करतो. डिस्कस ला अबाउट लागत नाही.

मुलाला मराठीतलं नाम, क्रियापद, विशेषण ओळखता येत असेल तर त्यावरच बांधा. क्रियापद मराठीत कुठे येतं, शेवटी. मी पुस्तक वाचतो. इंग्रजीत कुठे, मधे. आय रीड अ बुक. मराठी वाक्याच्या चिठ्ठ्या फाडून इंग्रजी क्रमाने लावायला द्या, "मी वाचतो एक पुस्तक". हसतील, पण क्रम कळेल.

प्रगती बघायला परीक्षा घेऊ नका. एखादं गजबजलेलं चित्र घ्या, बाजाराचं किंवा बागेचं, आणि मुलाला एक मिनिट त्याबद्दल बोलायला सांगून फोनवर रेकॉर्ड करा. तीन महिन्यांनी तेच चित्र, परत एक मिनिट. दोन्ही रेकॉर्डिंग तुम्ही एकट्याने ऐका, किती वाक्यं पूर्ण झाली, अडल्यावर मूल गप्प झालं की दुसऱ्या शब्दांत सांगून पुढे गेलं, कुठली एक चूक सारखी येतेय. ती एक चूक पुढच्या महिन्याच्या खेळांसाठी घ्या, बाकीच्या वहीत लिहून ठेवा आणि सध्या तिथेच राहू द्या.